ताठ बसून चालवायची सायकल

बँकेत नोकरी करणाऱ्या माणसाच्या आयुष्यात खुर्ची फार मोठी जागा व्यापते. पस्तिशी ओलांडली आणि माझ्या पाठीने आपली तक्रार रीतसर नोंदवली. डॉक्टरांनी औषधे थोडी आणि सल्ला अधिक दिला : रोज काहीतरी हालचाल करा. त्याच सुमारास माझी बदली कऱ्हाडजवळच्या शाखेत झाली आणि कित्येक वर्षांनी मी गावच्या घरी राहू लागलो.

घरामागच्या पडवीत वडिलांची, म्हणजे आमच्या अण्णांची, काळी सायकल उभी होती. प्राथमिक शिक्षक असताना १९८६ साली त्यांनी ती हप्त्याने घेतली आणि निवृत्त होईपर्यंत तिच्यावरूनच शाळेत जाणे-येणे केले. तीन वर्षांपूर्वी पावसात उतारावर ब्रेक लागला नाही, ते पडले आणि मनगट मोडले. तेव्हापासून त्यांनी सायकलीला हात लावला नव्हता.

"भंगारवाल्याला सांगून ठेवलंय," अण्णा म्हणाले. मात्र सायकल कोरड्या जागी टेकवलेली होती आणि तिच्यावर गोणपाट नीट पांघरलेले होते. मी ती मागून घेतली.

पहिली चूक

आधुनिकतेच्या हौसेने मी प्रथम जुने वळणदार हँडल काढून सरळ, खाली झुकलेले हँडल बसवले आणि अरुंद, कडक सीट घेतली. शाखेपर्यंतचे अंतर अकरा किलोमीटर. त्यात थोडा डांबरी रस्ता, उसाच्या ट्रॉल्यांनी चाकोऱ्या पाडलेला मुरमाचा रस्ता, कालव्याकडेची वाट आणि शेवटी पाणंद. पहिल्याच दिवशी तळहात बधिर झाले, मान आखडली. अण्णांनी मला परत येताना पाहिले आणि एवढेच विचारले, "अरे, तू रस्ता बघतोस की पुढचं चाक?"

त्या प्रश्नाने मी विचार करू लागलो. इंग्लंडमधील कॉव्हेंट्री येथे जे. के. स्टार्ली यांनी १८८५ मध्ये 'रोव्हर' सायकल आणली आणि १८८८ मध्ये जॉन डनलॉप यांनी हवेच्या टायरचे पेटंट घेतले. या दोन गोष्टींतून पुढे जी ताठ बसण्याची दणकट सायकल घडली, ती खराब रस्त्यांचा विचार करूनच. तिची चाके मोठी, दोन चाकांतील अंतर लांब आणि पुढचा फोर्क बराच तिरपा असतो. त्यामुळे ती खड्ड्यातून जाताना दचकत नाही आणि हात थोडा सैल पडला तरी भरकटत नाही. मी सुधारू पाहत होतो ते मुळातच आमच्या वाटेसाठी घडलेले होते.

मिस्त्रींच्या दुकानात

गावातील सायकल मिस्त्रींकडे दोन रविवार बसून आम्ही सायकल पूर्ण उघडली. ओव्हरहॉलिंग करून छर्रे बदलले, नवे ग्रीस भरले, चाकांचा आउट काढला. वळणदार हँडल परत आले. मुठी सीटपेक्षा दोन बोटे उंच ठेवल्या. हँडलची दांडी वर घेताना तिच्यावरील खुणेच्या पुढे मात्र जाऊ नये, अन्यथा ती मोडण्याचा धोका असतो. ताठ बसल्यावर शरीराचा बहुतेक भार बैठकीवर येतो, म्हणून रुंद, स्प्रिंगची सीट घेतली. उंचीचा नियम सोपा आहे : पॅडल अगदी खाली असताना त्यावर टाच ठेवली की पाय सरळ व्हावा. मग चवड्याने पॅडल मारताना गुडघ्यात आपोआप थोडा बाक राहतो.

टायर २८ × १½ चेच ठेवले. सुमारे ४० मिलिमीटर रुंदीचे हे टायर मुरमासाठी पुरेसे आहेत. हवा दगडासारखी टणक भरली की प्रत्येक खडा पाठीपर्यंत पोहोचतो. फार कमी ठेवली तर रिम दगडावर आपटून ट्यूब चिमटते. मागच्या चाकावर भार जास्त असल्याने त्यात हवा किंचित अधिक हवी.

चढासाठी थोडा हिशेब मांडला. पुढच्या चक्राला ४४ दाते, मागच्या फ्रीव्हीलला १८. चाकाचा घेर सुमारे २.२३ मीटर. म्हणजे पॅडलच्या एका फेऱ्यात सायकल जवळपास साडेपाच मीटर जाते. फ्रीव्हील २२ दात्यांचे बसवले, चेनमध्ये कड्या वाढवल्या, आणि हेच अंतर साडेचार मीटरवर आले. पायांवरील जोर सुमारे अठरा टक्क्यांनी घटला. मिनिटाला साठ फेरे मारले तरी ताशी सोळा किलोमीटर वेग मिळतो. याहून घाई मला नाही.

शेवटी ब्रेक, ज्यांनी अण्णांना पाडले होते. जुन्या सायकलीत सळयांनी ओढले जाणारे रबर रिमवर दाबले जाते. पोलादी रिम ओली झाली की त्याची पकड एकदम कमी होते. रबरे बदलली, सळयांचे सांधे घट्ट केले, रिमवरचा गंज व तेलकटपणा पुसला. तरीही पावसात उताराच्या बऱ्याच आधी ब्रेक हलकेच दाबून रिमवरचे पाणी निपटावे लागते. एकूण खर्च तीन हजार रुपयांच्या आत आला.

वाटेवरचे धडे

सुट्या मुरमावर पुढचा ब्रेक एकदम दाबू नये आणि हँडल झटक्याने वळवू नये. खड्डा आला की दोन्ही पॅडल आडव्या पातळीत ठेवून सीटवरून जरा उठावे. गुडघेच स्प्रिंगचे काम करतात. चढ फारच असेल तर उतरून चालावे, त्यात कमीपणा नाही. समोरून वारा असताना ताठ बसणाऱ्याला अधिक कष्ट पडतात, हेही प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. पण त्या बदल्यात मान मोकळी राहते आणि दोन्ही बाजूंची शेते दिसतात. कालव्याच्या वाटेवर थांबून बोलणारे शेतकरी खातेदार मला शाखेच्या काउंटरवर इतके मोकळेपणाने कधी भेटले नव्हते.

गेल्या दिवाळीनंतरच्या एका दुसऱ्या शनिवारी मी सायकल पुसत होतो. अण्णा जवळ आले, त्यांनी ब्रेक दाबून पाहिला, पुन्हा दाबला. मग म्हणाले, "सीट जरा खाली घे."

दोन्ही पाय जमिनीला टेकतील इतकी मी ती खाली घेतली. नळीवरून पाय टाकायला त्यांना आता उंचवटा लागतो, म्हणून पिंपळाच्या पाराशी सायकल लावली. शाळेच्या मैदानावर त्यांनी दोन फेऱ्या मारल्या. मी शेजारून चालत होतो, हात मागे बांधून. कॅरिअर धरण्याचा मोह आवरणे सोपे नव्हते. तिसऱ्या फेरीला ते मैदानातून बाहेर पडले आणि कालव्यापर्यंत जाऊन आले.

आमच्या सीटच्या दांड्यावर आता दोन खुणा कोरलेल्या आहेत. वरची माझी, खालची अण्णांची. वाचकहो, आपल्याही घरी एखादी जुनी सायकल भिंतीला टेकून उभी असेल, तर भंगारात देण्यापूर्वी एकदा तिचे रबर आणि रिम तपासून पाहा. शाखेत जाताना सीट वर घ्यायची आणि संध्याकाळी परत खाली करून ठेवायची, हा आता माझा रोजचा नेम झाला आहे.