बॅटरीचा खटका

‘काका, ऐकू सगळं येतंय, पण बोलायचं बटण दाबलं की सेट बंद पडतोय.’

औंधच्या पेठेतल्या माझ्या दुरुस्तीच्या टेबलावर वॉकीटॉकी येतात, तेव्हा सगळ्यात जास्त कानावर पडणारी तक्रार हीच. पौषात यमाईची यात्रा जवळ आली की ती रोजची होते. गाड्या लावून घेणारी पोरं, डोंगराच्या वाटेवर गर्दी पुढे सरकवणारे स्वयंसेवक, कुणाकुणाचे सेट वर्षभर कपाटात पडून असतात. काही जण तर नवी बॅटरी घालूनच येतात, आणि सेट तरीही बंद पडत असतो. मी आधी बॅटरी अंगठ्याने हलवून बघतो. ती केसभर जरी सरकली, तर माझी नजर तिला धरून ठेवणाऱ्या खटक्याकडे जाते.

हा खटका म्हणजे नखाएवढा प्लास्टिकचा तुकडा, मागे बारीकशी स्प्रिंग. पण यात्रेत चुकलेलं लेकरू कुठल्या चौकीवर बसलंय, हा निरोप जाणार की अडणार, हे त्याच्यावर ठरतं. म्हणून त्याच्याबद्दल लिहावंसं वाटलं.

ऐकताना चालतो, बोलताना का नाही?

सेट नुसता ऐकत असतो तेव्हा साधारण शंभर मिलिअँपिअर वीज घेतो. पाच वॉटचा सेट बोलताना मात्र दीड अँपिअरच्या आसपास ओढतो, म्हणजे पंधरापट. खटका ढिला झाला की बॅटरीच्या पत्र्या सेटच्या स्प्रिंगवाल्या टोकांवर नीट दाबल्या जात नाहीत. तिथे अर्धा ओहम जरी अडथळा आला, तरी ऐकताना जेमतेम ०.०५ व्होल्ट वाया जातो. बोलताना तोच आकडा पाऊण व्होल्टवर जातो. ७.४ व्होल्टची बॅटरी आधीच उतरलेली असेल, तर तेवढ्यानेच सेट मान टाकतो. शिवाय टाचणीच्या डोक्याएवढ्या त्या जागेत एक वॉटहून जास्त उष्णता तयार होते. टोकं काळी पडतात, अडथळा आणखी वाढतो. दुखणं असं स्वतःच स्वतःला वाढवत नेतं.

स्कॅनर नावाचा संच फक्त ऐकतो. एकामागून एक फ्रिक्वेन्सी तपासत जातो आणि बोलणं सापडलं की थांबतो. त्याला वीज कमी लागते, त्यामुळे खटक्याचं दुखणं उशिरा कळतं. पुष्कळ हातस्कॅनरमध्ये साधे पेन्सिल सेल बसतात आणि त्यांच्यावर एक झाकण असतं. झाकणाची जीभ तुटली की सेल बाहेर डोकावू लागतात आणि संच मधूनच गप्प होतो. आंतरराष्ट्रीय अवकाश स्थानक डोक्यावरून जाताना १४५.८०० मेगाहर्ट्झवर कान लावून बसणाऱ्या हौशी माणसाला हे फार लागतं, कारण ते स्थानक एका फेरीत दहाएक मिनिटंच ऐकू येतं. त्यात झाकण दाबून धरावं लागलं, तर ऐकायचं कधी?

तुटतो कुठे?

खटका टोकाशी क्वचित तुटतो. तुटतो तो बुडाशी, जिथून तो अंगापासून वेगळा निघतो. बॅटरी बसवताना ती जीभ वाकते आणि सगळा ताण बुडाच्या कोपऱ्यात गोळा होतो. कोपरा काटकोनात कापलेला असेल तर तडा तिथूनच सुरू होतो. गोलाई दिलेली असेल तर ताण पसरतो. भिंग लावून पाहिलं तर तुटण्याआधी कितीतरी दिवस तिथे पांढुरकी रेघ दिसते. काळ्या प्लास्टिकवर ती रेघ दिसली की मी मालकाला सांगतो, हा सेट यात्रेत नेऊ नका.

प्लास्टिकही सगळं सारखं नसतं. अॅसिटल आणि नायलॉन पुन्हा पुन्हा वाकणं चांगलं सोसतात. सेटच्या अंगासाठी पॉलिकार्बोनेट किंवा त्याचं एबीएसबरोबरचं मिश्रण सर्रास वापरतात. ते आपटणं सोसतं, पण रसायनांना हळवं असतं. थिनर, पेट्रोल, काही तेलं, डास पळवणारी काही मलमं यांचा हात लागला, तर ताणाखाली असलेल्या जागी बारीक तडे जातात. खटका घट्ट झाला म्हणून त्यात तेलाचा फवारा मारणं म्हणूनच घातक. आमच्या खटाव-माणच्या कोरड्या मुलखात त्या तेलावर धूळही बसते, आणि तेल-धुळीचा तो लेप पॉलिश पेपरसारखा खटक्याची धार घासत राहतो. मऊ कोरडा ब्रश पुरतो. ऊन हा दुसरा शत्रू. गाडीच्या काचेखाली दिवसभर ठेवलेल्या सेटचं प्लास्टिक दाबाखाली हळूहळू वाकतं आणि पूर्वीच्या जागी परत येत नाही.

‘मिलिटरी दर्जाचा’ असं खोक्यावर छापलेलं असतं. अमेरिकी लष्कराच्या ८१० क्रमांकाच्या मानकात सेट १.२२ मीटरवरून २६ वेळा पाडायची चाचणी आहे: सहा बाजू, बारा कडा आणि आठ कोपरे यांवर प्रत्येकी एकदा. चाचणी कडक आहे. पण ती पडण्याची आहे, रोज बॅटरी काढ-घाल करण्याची नव्हे. दिवसातून दोनदा बॅटरी बदलणारा माणूस वर्षात सातशेच्या वर वेळा तो खटका वाकवतो.

झिजणारा भाग बदलता यावा

औंध संस्थानच्या राजांनी, बाळासाहेब पंतप्रतिनिधींनी, १९१० साली कुंडलच्या माळावर लक्ष्मणराव किर्लोस्करांना कारखान्यासाठी जागा दिली. त्या किर्लोस्करवाडीतून लोखंडी नांगर रानारानांत गेले. नांगराचा फाळ झिजतोच, मातीशी त्याची रोजची झटापट असते. पण फाळ झिजला म्हणून कुणी नांगर टाकून देत नाही. फाळ काढतो, नवा बसवतो. खटका म्हणजे सेटचा फाळ आहे. झिजणं त्याच्या नशिबीच आहे, तेव्हा तो बदलता येईल असाच घडवायला हवा.

काही सेटमध्ये तसं केलेलं असतं. खटका, स्प्रिंग आणि पिन असे तीन सुटे भाग असतात, पाच मिनिटांत बदलतात. काहींमध्ये वाकणारी जीभ बॅटरीवर असते आणि सेटवर फक्त भक्कम खाच. हीसुद्धा शहाणी रचना, कारण बॅटरी दोन-चार वर्षांनी बदलायचीच असते, तिच्याबरोबर खटकाही नवा येतो. वाईट रचना ती, जिच्यात जीभ सेटच्या अंगातूनच ओतलेली असते. ती तुटली की सगळं कवच बदलावं लागतं, आणि कवच मिळालं नाही तर आतलं धडधाकट यंत्र भंगारात जातं. सुपरग्लूने चिकटवून आणलेले खटके मी पुष्कळ पाहतो. बुडाशी चिकटायला जागाच नसते आणि अॅसिटलवर तो ग्लू धरतही नाही.

बेल्टची क्लिप कुठे बसते तेही पाहावं. ती बॅटरीवर असेल, तर मोटारसायकलवरच्या प्रत्येक खड्ड्याला सेटचं सगळं वजन खटक्याला झटका देतं. क्लिप सेटच्या अंगावर असेल, तर तो झटका खटक्यापर्यंत पोचत नाही.

विकत घेताना आणि वापरताना

आधी परवान्याचं. आपल्याकडे बहुतेक बिनतारी संचांना परवाना लागतो. ४४६.० ते ४४६.२ मेगाहर्ट्झवरचे कमी ताकदीचे संच त्यातून मोकळे आहेत. हॅम, म्हणजे परवानाधारक हौशी रेडिओवाला, व्हायचं तर परीक्षा द्यावी लागते. बेकायदा वॉकीटॉकी ऑनलाइन विकण्यावर केंद्र सरकारने २०२५ मध्ये नियम आणले. तेव्हा स्वस्त मिळतोय म्हणून सेट उचलू नका.

मग दुकानात बॅटरी स्वतः पाच-सहा वेळा काढा, घाला. दरवेळी ‘खट्’ असा एकच स्वच्छ आवाज यायला हवा. बसलेली बॅटरी पिळून बघा, ती हलता कामा नये. सुटा खटका मिळतो का, हे विचारा. ‘मिळेल की’ एवढ्यावर समाधान मानू नका, भागाचा क्रमांक मागा.

वापरताना खटका पूर्ण दाबल्याशिवाय बॅटरी ओढू नका. अर्धवट दाबून ओढल्यानेच धार गोल होते. बॅटरीची आकडी एका टोकाला असेल, तर ती आधी अडकवा, मग खटक्याचं टोक दाबा. चार्जरमध्ये अख्खा सेट उभा राहत असेल, तर बॅटरी रोज काढायचं कारणच नाही. स्कॅनर ठेवून द्यायचा असेल तर सेल काढून ठेवा; गळलेला सेल पत्र्या खातो. आणि बसणारी बॅटरी अचानक बसेनाशी झाली तर जोर लावू नका. लिथियमची बॅटरी फुगलेली असू शकते. ती वापरातून काढा, चार्जिंगला लावू नका.

यात्रा समित्यांना, साखर कारखान्यांना, पठारावरच्या पवनचक्क्यांवर काम करणाऱ्या कंत्राटदारांना माझी एक मागणी आहे. सेट घाऊक घेताना बॅटरीच्या क्षमतेबरोबर सुट्या खटक्यांची अटही खरेदीपत्रात लिहा, दर दहा सेटमागे दोन तरी. एका गिऱ्हाइकाने मागून कंपनी हलत नाही. पन्नास सेट घेणारा मागू लागला, की सुटा भाग बनवणं तिला भागच पडतं.