स्मृती : धारणेपासून क्षमेपर्यंत

छत्रपती संभाजीनगरहून वेरूळला गेलेला यात्रेकरू कैलास मंदिर पाहून उत्तरेच्या टोकाकडे वळला, की ३० ते ३४ क्रमांकांची जैन लेणी त्याला सामोरी येतात. इंद्रसभेतील तीर्थंकर आणि वेलींनी वेढलेले बाहुबली तेथे हजारेक वर्षे उभे आहेत. परंतु ज्या वाणीवरील श्रद्धेतून ही शिल्पे घडली, ती वाणी त्याआधी अनेक शतके केवळ मुनींच्या कंठात होती. हे स्मरण क्षीण होत चालल्याच्या चिंतेतूनच, दिगंबर परंपरेनुसार, आचार्य धरसेनांनी गिरनारच्या गुहेत पुष्पदंत व भूतबली यांना ज्ञान दिले आणि षट्खंडागम ग्रंथबद्ध झाला. श्वेतांबर परंपरेनुसार देवर्धिगणी क्षमाश्रमणांच्या नेतृत्वाखाली वलभी येथे आगम लिपिबद्ध झाले. विस्मृतीचे भय असे पुरातन आहे. मग आपण विसरतो का, आणि लक्षात राहते ते कसे?

तत्त्वार्थसूत्रात मतिज्ञानाच्या चार पायऱ्या सांगितल्या आहेत : अवग्रह, ईहा, अवाय आणि धारणा. विषयाची प्रथम चाहूल, त्याविषयीची जिज्ञासा, निश्चय आणि शेवटी तो टिकवून धरणे, असा हा क्रम आहे. अ‍ॅटकिन्सन आणि शिफ्रिन या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी १९६८ मध्ये मांडलेल्या प्रतिमानातही टप्पे आहेत. संवेदन क्षणभर राहते. त्यातील ज्याकडे लक्ष जाते तेवढेच अल्पकालीन स्मृतीत येते. आणि त्यातील काही भाग दीर्घकालीन स्मृतीत जातो. ही दोन्ही विवेचने एकच आहेत असे म्हणणे धाडसाचे ठरेल, कारण त्यांची प्रयोजने भिन्न आहेत. तरीही लक्ष आणि निश्चय यांवाचून धारणा नाही, हे सूत्र दोहोंत दिसते. चष्मा कोठे ठेवला हे आठवत नाही, तेव्हा बहुधा तो ठेवताना आपले लक्षच तेथे नव्हते.

अल्पकालीन स्मृतीची ओंजळ लहान असते. जॉर्ज मिलर यांनी १९५६ मध्ये तिची मर्यादा सुमारे सात घटकांची सांगितली. पुढील संशोधकांनी ती चारच्या आसपास आणली. मग भक्तामर स्तोत्राच्या एका श्लोकातील ५६ अक्षरे पाठशाळेतील बालकाच्या मुखी कशी बसतात? वृत्तामुळे. वसंततिलकेची लय अक्षरांना चार चरणांत गुंफते, अर्थ कळला की शब्द एकमेकांना धरून राहतात, आणि सुटी ५६ अक्षरे मोजक्या घटकांत सामावतात.

विसरण्याचे पहिले शास्त्रशुद्ध मापन हर्मन एबिंगहाउस यांनी १८८५ मध्ये प्रसिद्ध केले. निरर्थक अक्षरांच्या याद्या पाठ करून त्यांनी स्वतःवरच प्रयोग केले. पाठांतराचा निम्म्याहून अधिक लाभ तासाभरातच ओसरला होता आणि एका दिवसानंतर केवळ तृतीयांशाच्या आसपास उरला होता. त्यांना असेही आढळले, की एकाच बैठकीत केलेल्या घोकंपट्टीपेक्षा अंतराअंतराने केलेली आवृत्ती अधिक टिकते.

दहावी-बारावीच्या मुलांच्या पालकांनी आणखी एक प्रयोग ध्यानी घ्यावा. रोडिगर आणि कार्पिक यांनी २००६ मध्ये विद्यार्थ्यांच्या एका गटाला उतारा चार वेळा वाचावयास दिला. दुसऱ्या गटाने तो एकदा वाचून तीन वेळा न पाहता आठवून लिहिला. पाच मिनिटांनंतर पहिला गट पुढे होता. आठवड्यानंतर मात्र वाचणाऱ्यांना सुमारे ४० टक्के, तर आठवून लिहिणाऱ्यांना सुमारे ६१ टक्के भाग आठवला. पुस्तक मिटून आठवणे कष्टाचे वाटते. पण त्या कष्टातच अभ्यास पक्का होतो. मुलाला ‘तुझ्या लक्षातच राहत नाही’ असे बोलण्यापूर्वी त्याची अभ्यासाची रीत पाहावी.

स्मृतीचा सर्वांत अंतर्मुख करणारा गुण मात्र निराळाच आहे. ती शिलालेख नव्हे. फ्रेडरिक बार्टलेट यांनी १९३२ मध्येच दाखवले, की आठवणे म्हणजे दर वेळी नव्याने रचणे होय. एलिझाबेथ लॉफ्टस आणि जॉन पामर यांनी १९७४ मध्ये लोकांना मोटारींच्या अपघाताची चित्रफीत दाखवली. मोटारी ‘आदळल्या’ तेव्हा वेग किती होता, असे काहींना, तर ‘धडकून चक्काचूर झाल्या’ तेव्हा किती, असे इतरांना विचारले. आठवड्यानंतर प्रश्न आला : फुटलेली काच दिसली का? काच फुटलेलीच नव्हती. तरी ‘आदळल्या’ ऐकलेल्या ५० जणांपैकी ७, तर ‘चक्काचूर’ ऐकलेल्या ५० जणांपैकी १६ जण ‘हो’ म्हणाले. ते खोटे बोलत नव्हते. त्यांना तसेच आठवत होते.

आता आपल्या घरातील जुने अबोले आठवावेत. वाटणीच्या दिवशी थोरला भाऊ काय म्हणाला, लग्नात जाऊबाईंनी कोणता शब्द उच्चारला, हे आपण वर्षानुवर्षे मनात उगाळतो. प्रत्येक उगाळण्यात रागाचा एखादा शब्द त्यात मिसळत असेल, आणि आपल्याला तो मूळचाच वाटत असेल. दुखावलो ते खरे. पण प्रत्येक शब्द तसाच होता याची ग्वाही आपली स्मृती देऊ शकत नाही. समोरच्याची आठवण वेगळी असेल, तर तो लबाडच असला पाहिजे असेही नाही.

पर्युषण आणि दशलक्षण पर्वानंतर आपण क्षमायाचना करतो. पुष्कळदा तो संदेश एकाच वेळी शंभर जणांना जातो आणि ज्याच्याशी अबोला आहे तो नेमका वगळला जातो. यंदा त्याच्याकडे प्रत्यक्ष जावे. ‘तू असे म्हणालास’ या वाक्याने आरंभ न करता ‘मला असे आठवते, तुला काय आठवते?’ एवढेच विचारावे, आणि त्याचे उत्तर शेवटपर्यंत ऐकून घ्यावे.