तंबूची दोरी रात्रीत सैल का पडते?

हरिश्चंद्रगडासारख्या उघड्या माथ्यावर संध्याकाळी कडक ताणलेला तंबू पहाटे फडफडू लागतो आणि दोष खुंटीला दिला जातो. कारण अनेकदा वेगळेच असते. नायलॉनचे कापड ओले झाले की थोडे लांबते आणि ताण उतरतो. पॉलिस्टर त्या मानाने कमी लांबते.

दुसरे कारण टेन्शनर, म्हणजे दोरी ताणून धरणारी छोटी क्लिप. ३ मिमी दोरीसाठी बनवलेल्या क्लिपमध्ये १.५ मिमीची दोरी ओवली जाते खरी, पण वाऱ्याच्या झटक्याने सरकते. वजन वाचवायला बारीक दोरी घेतली, तर टेन्शनरही तिच्याच मापाचा हवा. म्हणून आधी दोरी ठरवावी, मग क्लिप.

डायनिमाची दोरी बारीक, मजबूत, पाणी न शोषणारी. पण भलतीच गुळगुळीत. वरून पॉलिस्टरचे विणलेले आवरण असलेली घेतली तर पकड चांगली मिळते. शक्य असेल तर दुकानातच दोरी ओवून, ओली करून जोरात हिसका द्यावा. सरकली तर ती जोडी नको.

क्लिपचे ग्रॅमभर वजनही नको असेल, तर टॉटलाइन गाठ फुकट आहे. ती हाताने सरकवता येते आणि ताण आला की धरते. आवरण नसलेल्या डायनिमावर मात्र तिचाही भरवसा नाही. पाऊस असेल तर झोपण्यापूर्वी दोऱ्या पुन्हा एकदा ओढून घ्याव्यात.