पेशी मेल्या, तरी कॉर्निया कामाचा

दान केलेला प्रत्येक कॉर्निया कुणाला तरी दृष्टी देतोच, असे नाही. बुबुळावरचे हे पारदर्शक आवरण मध्यभागी जेमतेम अर्धा मिलिमीटर जाड. त्याच्या आतल्या अंगाला एंडोथेलियम पेशींचा एकच थर असतो. डोळ्यातले पाणी कॉर्नियात सतत झिरपते आणि या पेशी ते उपसत राहतात. उपसा थांबला की कॉर्निया सुजून धुरकट होतो. या पेशी वयानुसार घटतात, पुन्हा भरून येत नाहीत. म्हणून पूर्ण जाडीच्या रोपणाला भरपूर पेशींचा, ताजा कॉर्निया लागतो. नेत्रपेढ्यांतल्या 'एमके' द्रावणात तो थंड ठेवूनही चारच दिवस टिकतो.

अशा रोपणाला न चालणाऱ्या कॉर्नियांचा उपयोग गॅमा किरणांनी वाढवला. मुंबईतला 'आयसोमेड' प्रकल्प १९७४पासून वैद्यकीय साहित्य याच किरणांनी निर्जंतुक करतो. कॉर्नियावर ते सोडले की जंतू मरतात, दात्याच्या पेशीही मरतात. पण कोलॅजेन तंतूंची वीण आणि पारदर्शकता शिल्लक राहते. असा कॉर्निया कुपीत साध्या तापमानाला दोन वर्षांपर्यंत राहू शकतो.

तो कामी येतो काचबिंदूत. औषधांनी डोळ्यातला दाब उतरला नाही, तर अहमद व्हॉल्व्ह किंवा मदुराईच्या ऑरोलॅबचे 'आदी' हे उपकरण बसवतात. सुमारे ०.६ मिलिमीटर जाडीची सिलिकॉनची नळी डोळ्यातले जादा पाणी बाहेरच्या प्लेटकडे नेते. पापणी मात्र दिवसभर नळीवरून घासत असते. वरचा पातळ पडदा झिजला की नळी उघडी पडते आणि जंतूंना थेट आत वाट मिळते. म्हणून नळीवर ठिगळ शिवतात. दात्याचे श्वेतपटलही चालते, पण ते अपारदर्शक. कॉर्नियाच्या ठिगळाखालची नळी डॉक्टरांना तपासताना दिसते. गरज पडल्यास तिच्यावर बांधलेला टाका लेसरने तोडताही येतो.

जखमेने कॉर्नियाला भोक पडले, तर तातडीने बुजवायलाही हा तुकडा हाताशी असतो. जिवंत पेशीच नसल्याने शरीराने तो नाकारण्याचा धोकाही कमी. मात्र रुग्णाचा एंडोथेलियमच निकामी झाला असेल, तर ताज्या कॉर्नियाला पर्याय नाही.

वय झाले होते, मोतीबिंदूचे ऑपरेशन झाले होते, म्हणून नातेवाईक अनेकदा नेत्रदानाचा विचार सोडून देतात. तो निर्णय नेत्रपेढीवर सोपवावा. मृत्यूनंतर सहा तासांच्या आत डोळे काढता येतील, अशा बेताने आपण फोन करावा.