चाकांवरचा हात आणि वसईचा गाळा

वसई पूर्वेला वालीव, सातिवली, गोखिवरे या भागात फिरलात तर गाळ्यांची रचना थोड्याफार फरकाने सारखीच दिसते. खाली यंत्रे, पोटमाळ्यावर तयार माल, मधल्या अरुंद वाटेत खोक्यांची थप्पी आणि दाराशी टेम्पो. महामार्गावरून चिंचोटीला वळून कामणमार्गे पुढे गेले की भिवंडीची अवाढव्य गोदामे लागतात. त्या गोदामांतल्या रोबोटचे व्हिडिओ गाळेवाल्यांच्या मोबाइलवरही येतात. ‘आपल्याकडे असे काही जमेल का?’ हा प्रश्न तिथूनच सुरू होतो. ऑर्डरप्रमाणे रॅकवरचा माल काढून देणारा, लहान आणि जागा बदलता येणारा रोबोट बनवणे शक्य आहे. पण त्याच्याविषयीच्या काही समजुती आधी तपासून घ्यायला हव्यात.

गैरसमज १ : गोदामातले रोबोट माल उचलतातच.

वस्तुस्थिती : सर्वांत गाजलेले गोदामी रोबोट वस्तूंना हातच लावत नाहीत. २००३ मध्ये सुरू झालेल्या किवा सिस्टिम्सचे बुटके, नारिंगी रोबोट रॅकखाली शिरतात, अख्खा रॅक उचलतात आणि माणसासमोर आणून उभा करतात. वस्तू काढतो माणूसच. २०१२ मध्ये अ‍ॅमेझॉनने ही कंपनी ७७.५ कोटी डॉलरना घेतली ती याच कामासाठी, कारण माल काढणाऱ्या कामगाराचा साधारण निम्मा वेळ नुसत्या चालण्यात जातो. पुण्याच्या अनबॉक्स रोबोटिक्सचे रोबोट पार्सल घेऊन उभे वर चढतात, त्यामुळे जागा कमी लागते. पण तेही काम वाटणीचे आहे, रॅकमधून नग काढण्याचे नाही.

नग काढणे किती अवघड आहे हे २०१५ मध्ये सिअ‍ॅटल इथे झालेल्या अ‍ॅमेझॉनच्या पिकिंग स्पर्धेत दिसले. विजेत्या बर्लिन तांत्रिक विद्यापीठाच्या संघाने वीस मिनिटांत बारापैकी दहा वस्तू काढल्या. स्पर्धेनंतरच्या विश्लेषणात माणसाचा वेग तासाला सुमारे ४०० नग धरला होता, तर सर्वोत्तम रोबोटचा सुमारे ३०. तंत्र तेव्हापासून बरेच पुढे गेले आहे, पण त्या आकड्यांतून कामाची जात कळते.

गैरसमज २ : हात जितका ताकदवान, तितका रोबोट चांगला.

वस्तुस्थिती : बर्लिनच्या त्या विजेत्या रोबोटच्या हाताला चक्क व्हॅक्यूम क्लिनरची नळी जोडलेली होती. ओढून धरायला लागणारे बळ फारसे नसते. चार सेंटिमीटर व्यासाच्या रबरी कपात साठ टक्के निर्वात केले तर हिशेबाने साडेसात किलोच्या आसपास ओढ मिळते. झटके आणि बाजूचा ताण धरून त्यातल्या पाव हिश्शावरच विसंबायचे, तरी पावणेदोन किलोचा नग आरामात उचलता येतो.

खरी अडचण हवेच्या गळतीची असते. जाळीची पिशवी, कापडी थैली, सुरकुतलेला पाऊच, धूळ बसलेला पुठ्ठा यांवर कप नीट बसत नाही. पावसाळ्यात पुठ्ठा सर्द होऊन मऊ पडतो. चिकटपट्टी ढिली असेल तर कप झाकण तेवढे उचलतो आणि आतला माल खालीच राहतो. म्हणून रचना करणारे आधी हात निवडत नाहीत. ते मालाची यादी मागतात, त्यात ओढून धरता येण्याजोगे नग किती आणि चिमट्याने पकडावे लागणारे किती हे मोजतात.

गैरसमज ३ : चाके लावली की रोबोट फिरता झाला.

वस्तुस्थिती : ढकलत नेणे सोपे असते. नव्या जागी ‘मी नेमका कुठे आहे’ हे रोबोटला कळणे अवघड. रोबोटची गाडी एका अंशाने तिरकी उभी राहिली तर ८० सेंटिमीटर पुढे पोचलेल्या हाताचे टोक सुमारे १.४ सेंटिमीटर चुकते. दाटीने लावलेल्या खोक्यांत नग हुकायला एवढी चूक पुरेशी होते. यावर दोन साधे उपाय आहेत : जमिनीत पक्की बसवलेली खाच, जिच्यात गाडी दरवेळी त्याच जागी अडकते, आणि रॅकवर चिकटवलेल्या चौकटीदार खुणा, ज्या पाहून कॅमेरा आपली जागा ठरवतो. शिवाय उखडलेल्या, उतार दिलेल्या कोब्यावर गाडी डुगडुगते. तेव्हा चाकांवर नुसते ब्रेक पुरत नाहीत, खाली सोडता येणारे पाय लागतात.

वजनाचेही गणित असते. युनिव्हर्सल रोबोट्सचा ‘यूआर ५’ हा प्रचलित हात ५ किलो उचलतो, ८५ सेंटिमीटर पोचतो आणि त्याचे स्वतःचे वजन १८.४ किलो आहे. तो पूर्ण लांब होऊन झटक्याने थांबला तर हलकी गाडी कलंडू शकते. म्हणून बॅटरी आणि जड भाग तळाशी ठेवतात. वसईत इथे पेच पडतो. जुलै २०१८ च्या पावसात शहरातल्या वस्त्यांत पाणी शिरले आणि वीजपुरवठा बंद ठेवावा लागला, हे इथला कोणी विसरलेला नाही. तोल सांभाळायला जे तळाशी हवे, तेच पाण्यात पहिले बुडणार. मग तळाशी नुसते लोखंडी वजन ठेवायचे, बॅटरी आणि नियंत्रण पेटी पुरेशी वर घ्यायची, आणि हे गाडी बांधतानाच ठरवायचे.

गैरसमज ४ : माणसाशेजारी काम करणारा रोबोट म्हणजे सुरक्षेची चिंता नको.

वस्तुस्थिती : अशा रोबोटसाठी आयएसओची २०१६ ची मार्गदर्शिका आहे. शरीराच्या कोणत्या भागाला किती बळाचा धक्का चालेल, याच्या मर्यादा तिच्यात दिल्या आहेत. त्या पाळायच्या तर वेग कमी करावा लागतो. आणि हात कितीही मवाळ असला, तरी त्याने धरलेला पत्र्याचा धारदार तुकडा मवाळ होत नाही. तपासायचे असते ते अख्खे काम : हात, पकड, माल आणि वाट. दोन रॅकमधल्या वाटेत यंत्र उभे असताना माणसाला बाहेर पडता येते का, हाही त्याच तपासणीचा भाग.

गैरसमज ५ : वीजबिल परवडणार नाही.

वस्तुस्थिती : वर सांगितलेला हात नेहमीच्या कामात दीड-दोनशे वॅट घेतो. स्वयंपाकघरातला मिक्सर याहून जास्त खातो. हा हात साध्या सिंगल फेजवर चालतो. खर्च वाढतो तो कपात ओढ निर्माण करायला लावलेल्या हवेच्या कॉम्प्रेसरने, म्हणून लहान गाडीवर छोटा विजेवरचा निर्वात पंप बरा. मात्र वीज गेली की ओढ सुटते आणि धरलेला नग पडतो. हवा रोखून धरणारी झडप आणि छोटी बॅटरी यांवर पैसे वाचवू नयेत.

गैरसमज ६ : रोबोट आला की कामगार गेले.

वस्तुस्थिती : रॅक भरणे, फाटके खोके बाजूला काढणे, नवे पॅकिंग आले की यंत्राला ओळख करून देणे, अडकलेला नग सोडवणे ही कामे माणसाकडेच राहतात. टेम्पोतली चढ-उतार तर वेगळेच काम, ज्यासाठी महाराष्ट्रात १९६९ पासून माथाडी कायदा आहे. कामाचे स्वरूप बदलते, काही हात कमीही होऊ शकतात. म्हणून कामगारांशी आधी बोलणे शहाणपणाचे. कोणता नग रोज त्रास देतो, हे त्यांच्याइतके कोणालाच माहीत नसते.

तिथूनच सुरुवात करावी. आपल्या मालातले सर्वांत त्रासदायक दहा नग कामगारांना निवडायला सांगा आणि एका खोक्यात भरून ठेवा. विक्रेता आला की त्याच्या चकचकीत हॉलमधली प्रात्यक्षिके राहू द्या. यंत्र आपल्या कोब्यावर, आपल्या ट्यूबलाइटच्या उजेडात उभे करा आणि ते खोके त्याच्यासमोर ठेवा. दहापैकी किती निघतात ते मोजा. मग गाडी ढकलून शेजारच्या रॅकपाशी न्या आणि पुन्हा मोजा. दोन्ही आकडे जवळपास सारखे आले, तर किमतीची बोलणी सुरू करायला हरकत नाही.