खानदेशचा नकाशा एका रंगाचा नाही : धुळे-जळगावच्या मतांचे गणित समजून घ्या

निवडणुकीचा निकाल लागला की आपल्या वस्तीत दोनच वाक्ये ऐकू येतात. ‘आपल्या मतांवर तो निवडून आला’ किंवा ‘आपली मते फुकट गेली’. दोन्ही वाक्ये बहुतेक वेळा पुराव्याशिवाय बोलली जातात. पुरावा कसा शोधायचा, हे कार्यकर्त्यांनी शिकले पाहिजे. त्यासाठी खानदेशाएवढे चांगले उदाहरण दुसरे नाही.

२०२४ च्या लोकसभेत खानदेश बरोबर अर्धा-अर्धा विभागला गेला. जळगाव आणि रावेर भाजपकडे राहिले, तर धुळे आणि नंदुरबार काँग्रेसने जिंकले. जळगावात स्मिता वाघ अडीच लाखांहून अधिक मतांनी आल्या, रावेरमध्ये रक्षा खडसे पावणेतीन लाखांच्या आसपास मताधिक्याने. धुळ्यात मात्र डॉ. शोभा बच्छाव यांनी डॉ. सुभाष भामरे यांना हरवले ते फक्त ३,८३१ मतांनी.

आता धुळ्याच्या आत डोकावून बघा. धुळे लोकसभा मतदारसंघ म्हणजे धुळे जिल्हा नव्हे. धुळे शहर, धुळे ग्रामीण आणि शिंदखेडा हे तीन विधानसभा मतदारसंघ धुळे जिल्ह्यातले आहेत. मालेगाव मध्य, मालेगाव बाह्य आणि बागलाण हे तीन नाशिक जिल्ह्यातले. जिल्ह्यातले साक्री आणि शिरपूर नंदुरबारला जोडले आहेत. सहापैकी पाच ठिकाणी भाजप पुढे होता. एकट्या मालेगाव मध्यने काँग्रेसला सुमारे १ लाख ९४ हजारांची आघाडी दिली आणि पाचही ठिकाणची पिछाडी भरून निघाली.

या निकालावरून ‘व्होट जिहाद’ हा शब्द गाजवला गेला. पण जळगाव-रावेरमध्ये अडीच-पावणेतीन लाखांचे मताधिक्य एका पक्षाला मिळाले, त्याला कुणी नाव ठेवले नाही. एका भागाने एकगठ्ठा मत दिले की तो कट आणि दुसऱ्याने दिले की तो जनादेश, असे दुहेरी माप लोकशाहीत चालत नाही. अमेरिकेतल्या जॉर्जिया राज्यातही असेच घडते. अटलांटा शहर आणि त्याची उपनगरे एकीकडे झुकतात, ग्रामीण भाग दुसरीकडे. २०२० मध्ये ते अख्खे राज्य ११,७७९ मतांनी फिरले. शहराचे मत आणि गावाचे मत यांची किंमत तिथेही सारखीच मोजली गेली.

आता आपल्या मतांकडे वळू. २०१९ मध्ये धुळ्यात वंचित बहुजन आघाडीच्या उमेदवाराला सुमारे ३९ हजार मते मिळाली. भाजप तेव्हा २ लाख २९ हजारांनी जिंकला, म्हणून त्या मतांकडे कुणी पाहिले नाही. २०२४ मध्ये वंचितच्या उमेदवाराचा अर्ज छाननीत बाद झाला आणि जय-पराजयाचे अंतर उरले ३,८३१. ती ३९ हजार मते काँग्रेसकडेच गेली, असे बेरजेवरून सिद्ध होत नाही. त्यातली काही घरीच राहिली असतील. पण अंतराच्या दहापट मते एका गटाकडे असतील तर तो गट निर्णायक ठरू शकतो, एवढे नक्की. उलट रावेरमध्ये २०१९ ला वंचितला सुमारे ८८ हजार मते पडली, तरी निकाल हलला नाही, कारण अंतर तीन लाखांहून जास्त होते. म्हणजे मताची ताकद संख्येत जेवढी असते, तेवढीच ती लढत किती चुरशीची आहे त्यातही असते.

धुळे शहर विधानसभेचा धडा वेगळा आहे. २०१९ मध्ये एमआयएमचे फारुख शाह सुमारे ४६ हजार ७०० मतांवर आमदार झाले, कारण समोरची मते फुटली होती. २०२४ मध्ये त्यांची मते ७० हजारांवर गेली, तरी भाजपच्या अनुप अग्रवाल यांनी त्यांना सुमारे ४५ हजारांनी हरवले. मते वाढली आणि जागा गेली! लोकसभेनंतर सहा महिन्यांच्या आत धुळ्यातल्या पाच आणि जळगावातल्या अकरा, अशा सर्व जागा महायुतीने घेतल्या. लोकसभेचा कौल विधानसभेला तसाच टिकेल, हा भ्रम तिथे फुटला.

राखीव जागेचे गणितही समजून घ्या. धुळे-जळगावात अनुसूचित जातींसाठी राखीव अशी एकच विधानसभा जागा आहे, भुसावळ. तिथे उमेदवार आपल्यातला असतो, पण मतदार सगळेच. १९३२ च्या पुणे करारापासून हे असेच आहे. २०११ च्या जनगणनेत जळगाव जिल्ह्यात अनुसूचित जातींचे प्रमाण सुमारे ९ टक्के होते, धुळ्यात सुमारे ६ टक्के. बौद्ध त्याचा एक भाग. एकट्याच्या बळावर जागा निघत नाही. आदिवासी, मुस्लिम, ओबीसी यांच्याशी निवडणुकीआधी बोलणी करावी लागतात, निकालानंतर नव्हे.

मग करायचे काय? प्रत्येक निवडणुकीनंतर निवडणूक अधिकारी ‘फॉर्म २०’ तयार करतात. त्यात प्रत्येक मतदान केंद्रावर कोणाला किती मते पडली ते असते. आपल्या वस्तीचे केंद्र शोधा, लोकसभा आणि विधानसभेचे आकडे शेजारी-शेजारी मांडा, किती जणांनी मतदानच केले नाही ते काढा. मात्र त्यावरून कुणा घरावर संशय घेऊ नका. मत गुप्त आहे आणि गुप्तच राहिले पाहिजे.

दरवर्षी ३१ जुलैला आपण लळिंगच्या लांडोर बंगल्यावर बाबासाहेबांच्या आठवणीसाठी जमतो. येत्या वेळी जाताना आपल्या केंद्राचा फॉर्म २० सोबत न्या. चर्चा अंदाजावर नाही, आकड्यांवर होऊ द्या.