एक गाडी, दोन वर्ग आणि मधली सरहद्द

लेखमाला : रुळांवरून युरोप

जबलपूरच्या रेल्वे कॉलनीत पास म्हणजे काय हे कुणाला समजावून सांगावं लागत नाही. पश्चिम मध्य रेल्वेचं मुख्यालय २००३ पासून इथे आहे आणि त्याआधीही कित्येक मराठी घरांनी पिढ्यान्‌पिढ्या रेल्वेत नोकरी केली. पासवर वर्ग कोणता, त्यात घरातली कोण कोण माणसं बसतात, आणि पास असला तरी बर्थचं रिझर्वेशन वेगळं करावं लागतं, हे इथल्या शाळकरी मुलांनाही माहीत असतं. युरोपला निघालेल्या जबलपूरकराने यातली शेवटची गोष्ट जपून न्यावी. तिथेही पास प्रवासाचा हक्क देतो, जागेचा नाही.

गेल्या आठवड्यात पास किती दिवसांचा घ्यावा हे पाहिलं. आजचा प्रश्न वेगळा आहे. एकाच कुटुंबातल्या माणसांकडे वेगवेगळ्या वर्गांचे पास असले, किंवा सरहद्दीच्या अलीकडे एका वर्गाचा पास आणि पलीकडे दुसऱ्या वर्गाचं तिकीट असलं, तर बसायचं कुठे?

या सरमिसळीला जुना इतिहास आहे. युरेलचा पास १९५९ मध्ये निघाला तो पहिल्या वर्गाचाच. दुसऱ्या वर्गाचा पास पुढे विद्यार्थ्यांसाठी आणि तरुणांसाठी आला, पण प्रौढांना सगळ्या देशांचा पास हवा असेल तर अनेक वर्षं पहिला वर्गच घ्यावा लागे. आई-वडील एका डब्यात आणि कॉलेजातली मुलगी दुसऱ्या डब्यात, असा प्रकार नियमानेच घडत होता. २०१९ पासून ग्लोबल पास कोणत्याही वयाच्या माणसाला दोन्ही वर्गांत मिळतो आणि त्यात आता ३३ देश येतात.

तरी सरमिसळ संपलेली नाही, कारण आता ती आपण होऊन केली जाते. समजा, जबलपूरहून साठी ओलांडलेले आई-बाबा निघाले. साठीनंतर पासावर दहा टक्के सवलत आहे, गुडघ्यांचा विचार आहे, म्हणून त्यांनी पहिला वर्ग घेतला. मुलगा म्युनिकला नोकरीला. त्याला युरेल घेताच येत नाही, कारण तो पास युरोपबाहेर राहणाऱ्यांसाठी आहे. पासपोर्ट भारतीय असला तरी राहण्याचा पत्ता जर्मनीचा, म्हणून त्याचा पास इंटररेल. त्याने तो दुसऱ्या वर्गाचा घेतला. शिवाय इंटररेल राहत्या देशात फक्त बाहेर पडताना आणि परत येताना वापरता येतो. एवढी तिघं म्युनिकहून एका गाडीत चढली, तर एकत्र बसण्याचा मार्ग एकच : आई-बाबांनी दुसऱ्या वर्गात यायचं. वरच्या वर्गाच्या पासावर खालच्या वर्गात बसता येतं. फरकाचे पैसे मात्र कुणी परत देत नाही. उलट दिशेने तसं चालत नाही. टीसीला गाठून फरक भरू आणि वरच्या डब्यात जाऊ, ही आपली सवय तिथे महाग पडू शकते. स्वित्झर्लंडमध्ये वर्ग बदलण्याचं रीतसर तिकीट मिळतं, पण ते गाडीत चढण्यापूर्वी घेतलेलं बरं. डबा ओळखणं सोपं आहे. दारापाशी मोठा १ किंवा २ लिहिलेला असतो आणि बऱ्याच देशांत पहिल्या वर्गाच्या खिडक्यांच्या वर पिवळी पट्टी असते.

आता खरा गुंता. आपल्याकडची बरीच मंडळी सगळ्या युरोपचा पास न घेता स्विस ट्रॅव्हल पास घेतात आणि पुढे इटलीला जातात. झुरिकहून मिलानला जाणारी गाडी २०१६ मध्ये सुरू झालेल्या ५७ किलोमीटरच्या गोटहार्ड बोगद्यातून दक्षिणेला उतरते आणि चियासोला स्विस हद्द संपते. पास तिथपर्यंत. चियासो ते मिलान तिकीट वेगळं. पास पहिल्या वर्गाचा आणि पुढचं तिकीट स्वस्त म्हणून दुसऱ्या वर्गाचं काढलं, तर हिशेबाने चियासोला डबा बदलायला हवा. गाडी तिथे थांबली तरी काही मिनिटंच, आणि त्यातच पोलिसांची तपासणीही होऊ शकते. बॅगा ओढत चार डबे चालत जाण्यात काही अर्थ नाही. शिवाय सरहद्द ओलांडणाऱ्या या गाडीला रिझर्वेशन सक्तीचं आहे, आणि रिझर्वेशन म्हणजे ठरावीक डबा, ठरावीक आसन. माझं स्पष्ट मत आहे की दोन तुकड्यांचे वर्ग वेगळे असतील तर सगळा प्रवास खालच्या वर्गात करावा. पहिल्या वर्गाचा स्विस पास डोंगरांतल्या प्रवासाला वापरा. मिलानच्या दिवशी त्याचा मोह सोडा. पहिल्या वर्गातच जायचं असेल तर चियासोपुढचं तिकीटही पहिल्या वर्गाचं काढा.

तिकिटाची हद्द आणि देशाची हद्द एकच असते असंही नाही. दोमोदोस्सोला आणि तिरानो ही दोन्ही स्टेशनं इटलीत, तरी स्विस पास तिथपर्यंत चालतो. बाझेल शहरात बाडिशर बानहोफ नावाचं स्टेशन आहे. जमीन स्वित्झर्लंडची, कारभार जर्मन रेल्वेचा. साल्झबुर्ग ऑस्ट्रियात, पण जर्मनीचं डॉइचलांडटिकेट हे महिन्याचं तिकीट लोकल गाड्यांना साल्झबुर्गच्या मुख्य स्टेशनापर्यंत चालतं. ते दुसऱ्या वर्गाचं, आणि लांब पल्ल्याच्या वेगवान गाड्यांना मुळीच चालत नाही. म्युनिकच्या मुलाकडे ते बहुधा असतंच. साल्झबुर्ग पाहून त्याच दिवशी परतायचं असेल तर त्याने इंटररेलचा एक दिवस त्यात खर्ची घालू नये. लक्झेंबर्गचा प्रकार तर वेगळाच. २०२० पासून त्या देशात दुसऱ्या वर्गाचा रेल्वेप्रवास सगळ्यांना फुकट आहे. पैसे लागतात ते पहिल्या वर्गाला. म्हणजे देशाच्या आत पासाचा उपयोग पहिल्या वर्गापुरता, आणि हद्द ओलांडली की दोन्ही वर्गांना पास हवाच.

जबलपूर स्वतः असंच हद्दीचं स्टेशन होतं. ईस्ट इंडियन रेल्वेचा फाटा अलाहाबादहून १८६७ मध्ये इथे पोचला, मुंबईकडून इटारसीमार्गे येणारी जीआयपी १८७० च्या मार्चमध्ये पोचली, आणि मुंबई-कलकत्ता लोहमार्ग या गावात जोडला गेला. दोन कंपन्या, दोन कारभार, मधे जबलपूर. आज इटारसी पश्चिम मध्य रेल्वेत आणि खंडवा मध्य रेल्वेच्या भुसावळ विभागात आहे, पण मुंबईला जाणाऱ्या प्रवाशाला हद्द कधी ओलांडली हे कळतही नाही. एक तिकीट, एक बर्थ, एकच नियम. युरोपात रूळ जोडलेले आहेत, पासही एक आहे, पण प्रत्येक रेल्वेने रिझर्वेशनचा नियम स्वतःकडे ठेवला आहे. जर्मनीच्या आत आयसीईमध्ये पास दाखवून रिकाम्या जागी बसता येतं. तीच आयसीई फ्रँकफर्टहून पॅरिसला निघाली की जागा आधी राखावी लागते. फ्रान्सच्या टीजीव्हीत रिझर्वेशनशिवाय पास अपुरा. ऑस्ट्रियाच्या रेलजेटमध्ये रिझर्वेशन ऐच्छिक आहे, पण तिथे पहिल्या वर्गाच्याही वर बिझनेस नावाचा विभाग आहे. पहिल्या वर्गाचा पास आहे म्हणून आई-बाबांनी तिथे जाऊन बसू नये. त्याचे पैसे वेगळे.

सगळ्यात कडक युरोस्टार. तिच्यात पासधारकांसाठी मोजक्याच जागा असतात आणि त्या लवकर संपतात. दुसऱ्या वर्गाच्या पासावर स्टँडर्डमध्येच जागा मिळते. रिझर्वेशनची रक्कमही वर्गानुसार बदलते, म्हणून तिघांना एकत्र बसायचं असेल तर आई-बाबांचं रिझर्वेशन सुरुवातीपासून स्टँडर्डचंच करावं. लंडनला जायचं असेल तर पासपोर्टची तपासणी गाडीत बसण्यापूर्वी स्टेशनातच होते आणि त्यासाठी ब्रिटनचा वेगळा व्हिसा लागतो. शेंगेनचा चालत नाही. शेंगेनच्या आतल्या सरहद्दींवरही पासपोर्ट बॅगेच्या तळाशी ठेवू नका. जर्मनीने सप्टेंबर २०२४ पासून आपल्या सगळ्या भू-सरहद्दींवर तपासणी सुरू केली. शिवाय पास नावावर असतो, त्यामुळे टीसीही त्याच्यासोबत पासपोर्ट मागू शकतो.

पुढच्या भागात रात्रीच्या गाड्या : प्रवासाचा दिवस मध्यरात्री कसा मोजतात, आणि बसण्याची जागा, बर्थ आणि स्लीपर यांत पास कुठपर्यंत साथ देतो.